मागे राहिलेली काठी

१

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचं तोरण खांद्यावर टाकून मी क्लबाच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि दारातच थबकलो. पाटांवर लाल खण अंथरलेला होता, समई विझली होती, माळा इकडेतिकडे पडल्या होत्या आणि हॉकीची काठी एकच होती. काल संध्याकाळी अकरा होत्या.

कुलूप शाबूत होतं. खिडकीचे गज शाबूत होते. 

साल १९३६, उत्तरेतलं शिंद्यांचं संस्थान. शिंदे की छावनीतला आमचा मुलांचा हॉकी क्लब तेव्हा सात वर्षांचा होता आणि मी, लक्ष्मीकांत मास्तर, त्याचा चिटणीस. खंडेनवमीला इथली मराठी घरं तलवारी पुजतात. आमच्याकडे तलवारी नव्हत्या, आम्ही काठ्या पुजायचो. पूजा झाली की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कोणी बोट लावत नाही. भटजींची दक्षिणा वाचावी म्हणून पूजेला आमचे खजिनदार गोविंदराव रिसबूड स्वतःच बसत. संस्थानाच्या कचेरीत कारकून असलेला हा गृहस्थ. मंत्र त्याला तोंडपाठ आणि काटकसर त्याहून पाठ.

लोकांना वाटतं, एक चेंडू आणि चार काठ्या आणल्या की क्लब उभा राहतो. अहो, चुना लागतो, बूट लागतात, पाहुण्या संघाचं रेल्वेभाडं लागतं आणि झाशीची पोरं जेवायला बसली की आचारी पाणी मागतो. एका वर्षी मुलांकडून फी घेऊन पाहिली. वकिलांची मुलं राहिली, टांगेवाल्यांची आणि स्वारांची गेली, आणि बघायला येणारी गर्दीही त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा आम्ही शिकलो की जो मुलगा फी देऊ शकत नाही तोच आमची तिकिटं खपवतो. फी माफ झाली. वर्षभराचा खर्च दसऱ्याच्या अंतिम सामन्याच्या तिकिटांवर, आणि मैदान सरदार जयसिंहरावांच्या मेहेरबानीवर.

पुजलेल्या काठ्याही त्यांच्याच यंदाच्या देणगीतून आणलेल्या होत्या, अजून कोऱ्या. अस्सल सियालकोटच्या, अकरा. काल पूजा आटोपल्यावर, पेढे वाटले जात असताना, त्यांनी मिशीवर हात फिरवून जाहीर केलं होतं, "सियालकोटच्या कारखान्याचा माणूस स्टेशनाजवळ पडावावर उतरलाय. उद्या सामन्याआधी सगळ्यांसमोर तो प्रत्येक काठीवर तापल्या लोखंडानं आमचं नाव उठवेल."

आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता नाव उठवायला काठी एकच होती, आणि बाहेर सरदारांच्या बग्गीची घंटा वाजली.

२

जयसिंहराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांना नकार आणि नुकसान दोन्ही सोसत नसे. फाटकात दुपारची तिकिटं मोजत बसलेला मधू उठायला उशीर करतो म्हणून ते त्याच्यावर आधीच खेकसून आले होते. मधू आमचा जुना बॅक. गेल्या दसऱ्याला याच मैदानावर त्याचा गुडघा फुटला. क्लबानं सरदारांकडे मदत मागितली तेव्हा त्यांनी, "आम्ही खेळाला देतो, दवाखान्याला नाही," असं सांगून पाठवलं होतं. पुढे उन्हाळ्यात कोणा गृहस्थानं आग्र्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च दिला. 'त्यांना नाव नकोय,' असं गोविंदराव म्हणाले. मधू काठी टेकत का होईना, चालायला लागला.

"रखवाली कोणाची होती?" जयसिंहरावांनी विचारलं.

"दुर्गाची."

दुर्गा चौकीदार सात वर्षं फाटकाशी झोपत होता. त्यानं हात जोडले. "सरकार, कोई नहीं आया. भगवान कसम."

"कोणी आलं नाही म्हणजे तूच." सरदार माझ्याकडे वळले. "मास्तर, सामना सुरू होईपर्यंत काठ्या जागेवर पाहिजेत. नाही आल्या तर हा कोतवालीत जाईल, आणि उद्यापासून हे मैदान मानसिंग म्हणतो त्या सिनेमावाल्याला."

मानसिंगराव त्यांचे पुतणे. आग्र्याच्या एका फिरत्या सिनेमा कंपनीला हे मैदान हवं होतं आणि मानसिंगरावांना ती कंपनी. ते बूट वाजवत म्हणाले, "काका, मी तर पहिल्यापासून बोलत होतो. हे क्लब-बिब सब बेकार आहे. तंबू लावू, रोज गल्ला येईल."

मला इतका संताप आला की तोरण त्यांच्या गळ्यात आवळावंसं वाटलं. पण चिटणिसाला असल्या इच्छा परवडत नाहीत. मी सायकल काढली आणि थेट संभाजीराव भोईट्यांचं घर गाठलं.

३

संभाजीराव रिसाल्यातून निवृत्त झालेले, आणि आमच्या स्पर्धेचे पंच. सगळं मैदान चेंडूकडे बघतं तेव्हा हे पायांकडे बघतात. "चेंडू खोटं बोलतो मास्तर," ते सांगत, "पाय नाही बोलत." त्या दिवशीचा सामनाही तेच चालवणार होते. गळ्यातली शिट्टी त्यांनी न्याहारीलाही काढलेली नव्हती.

त्यांनी आधी दुर्गाला गाठलं. सरदारांच्या हुकुमानं तो फाटकाशी बसून होता आणि त्याच्या खोपटातली भांडी, अंथरूण, बायकोची पेटी सगळं झडतीत अंगणात उलटंपालटं पडलं होतं.

"कोणी आलं नाही म्हणतोस?"

"कोई नहीं, साहब."

"बाहेरचं कोणी नाही. ते कळलं. आणि घरचं?"

दुर्गाला प्रश्नच कळेना. "घर के तो आते-जाते रहते हैं. उजाला होते-होते गोविंदबाबू आए, ताँगे में शमी की गठरी लेकर. फिर नहाने घर गए. फिर मास्टरजी आए फूल लेकर. और कोई नहीं."

"मानसिंगराव?"

"वो अभी आए, काका के साथ."

"मला घ्या मग संशयितांत," मी म्हणालो.

"घेतलंच आहे," संभाजीराव शांतपणे म्हणाले. माझा चेहरा पडला असावा. "किल्ल्या तीन. तुमची, गोविंदरावांची आणि सरदारांकडची. कुलूप फोडलेलं नाही. त्यातून दुर्गा तसाच सुटतो, पण सरदार म्हणतील की त्यानं कोणाची तरी किल्ली लांबवली. म्हणून नुसतं तेवढं पुरणार नाही."

मानसिंगराव मांडवाच्या सावलीत सिगारेट ओढत होते. सरदारांकडची किल्ली त्यांच्याच खिशात होती आणि ती त्यांनी बेफिकिरीनं दाखवली.

"हो, मला मैदान पाहिजे. छुपवून काय करू? पण त्या लकड्या घेऊन मी काय करणार? मला तर खरी कोणती आणि खोटी कोणती तेही समजत नाही."

"समजा घेतल्याच असत्या तुम्ही, तर अकराच्या अकरा घेतल्या असत्या की एक ठेवली असती?"

"एक कशाला ठेवायची?" मानसिंगराव हसले. "देवाला?"

संभाजीराव हसले नाहीत. परतताना त्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, हा माणूस काल पूजेच्या खोलीत कसा आला होता?"

"बूट घालून. गोविंदरावांनी टोकलं तेव्हा कुरकुरत काढले."

"मग चला, पूजा बघू. आणि कशालाही हात लावू नका."

४

दारात चपला काढून आम्ही आत गेलो. मला तिथे नवं काय दिसणार? विस्कटलेल्या माळा, खण, तांदळाच्या छोट्या राशीवर विड्याचं पान. पण संभाजीराव गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"गणपतीची सुपारी कुठे असते?"

"पानावर."

"आता कुठे आहे?"

ती पानाखाली उतरून खणावर आली होती, वीतभर सरकलेली. तिच्यावर अक्षता होत्या. पुढे चिमूटभर साखर होती आणि मुंग्या लागल्या होत्या.

"काल नैवेद्य कशाचा होता?"

"पेढ्यांचा. एकही उरला नाही, झाशीच्या पोरांनी..." मी बोलता बोलता थांबलो. साखर कालची नव्हती.

"चोरानं काठ्या उचलायच्या आधी उत्तरपूजा केली," संभाजीराव हळूच म्हणाले. "अक्षता वाहिल्या, साखर दाखवली, देव जागेवरून हलवला, मग हात लावला. सुपारी चोरून कोणाला काय मिळणार होतं? तिला हलवायची गरज फक्त त्यालाच, ज्याला बसलेल्या देवाखालून वस्तू ओढणं जमत नाही."

 दुर्गाला आमची ही रीत ठाऊकच नव्हती. मानसिंगरावांना ठाऊक होती, पण बूट घालून देवापुढे येणारा माणूस चोरी करताना साखर आणत नाही.

मग त्यांनी उरलेली काठी उचलली आणि मुठीची सुतळी नखानं जरा सोडवली. आत वेताच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. त्यांनी ती जमिनीवर ठोकली, आवाज ऐकला. "अस्सल. तुतीचं लाकूड. मास्तर, अकरांतली ही एक का राहिली?"

"ओझं झालं असेल."

"दहा झेपतात आणि अकरावीचं ओझं होतं?"

एवढ्यात गोविंदराव आले. आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून. मला पाहताच त्यांचे डोळे भरले. "मास्तर, मुलांचं काय होणार हो?" त्यांच्या दोन्ही मनगटांवर हळद लावलेली होती आणि हळदीखाली ओरखडे होते.

"हे काय लागलं?" संभाजीरावांनी विचारलं.

"काल हार ओवताना सुई लागली."

सुई बोटांना लागते, हे माझ्याही लक्षात आलं. पण मी ते मनातून झटकून टाकलं. सात वर्षं या माणसानं क्लबाच्या पैशानं कधी चहादेखील घेतला नव्हता.  संभाजीरावांनी दारातून मांडवाच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे संध्याकाळच्या सोन्यासाठी आणलेला शमीचा भारा उभा होता. छातीएवढा, सुंभानं करकचून बांधलेला, काट्यांनी भरलेला.

५

दुपार कलली. फाटकाबाहेर गर्दी जमली, टोपी बाजारातले दुकानदार दुकानं बंद करून आले, झाशीचा संघ कपडे बदलून उभा राहिला. सियालकोटचा माणूस शेगडी फुलवून त्यात नावाचं लोखंड तापवत होता. आणि कोतवालीतून हवालदार आला, खांद्यावर दोरी टाकून.

संभाजीरावांनी सगळ्यांना क्लबाच्या खोलीत बोलावलं. जयसिंहराव, मानसिंगराव, गोविंदराव, मी. दुर्गा दारात हवालदाराशेजारी.

"मी पंच आहे, वकील नाही," त्यांनी सुरुवात केली. "जेवढं दिसलं तेवढं सांगतो. चोर किल्लीनं आत आला. त्यानं उत्तरपूजा करूनच काठ्या हलवल्या. आता आपल्यात रीत अशी, की ज्यानं देव बसवला त्यालाच तो उठवावा लागतो. दुसऱ्या कोणाला ती फिकीर नसते."

मी गोविंदरावांकडे बघायचं टाळलं.

"दुसरं. त्यानं एक काठी ठेवली. चोरीचा माल विकायचा असता तर ही आधी गेली असती, कारण ही खरीखुरी सियालकोटची आहे. सामना बुडवायचा असता तरी सगळ्या गेल्या असत्या. जी खरी होती ती राहिली. मग गेलेल्या दहांत काय होतं, जे दिसायला नको होतं?"

"म्हणजे?" जयसिंहराव ओरडले.

"परवापर्यंत त्या काठ्यांना कसलाच धोका नव्हता, सरकार. मुलं खेळली असती, मोडल्या असत्या, विषय संपला असता. काल तुम्ही सांगितलंत की कारखान्याचा माणूस प्रत्येक काठी हातात घेणार. त्याच्यानंतर पहिल्या उजेडाला काठ्या गेल्या. रातोरात पळवल्या नाहीत, कारण फाटक बंद होतं. उजाडल्यावर कोणी आलं नाही, असं दुर्गा म्हणतो, आणि ते खरं आहे. त्याच्या लेखी घरचा माणूस म्हणजे 'कोणी' नव्हेच."

 बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती.

"इथून पुढचं मला माहीत आहे," संभाजीराव म्हणाले, "पण मी बोलणार नाही. फाउल कोणी केला हे पंच सांगतो. पण एक फाउल असा असतो की तो करणाऱ्यानंच हात वर करायचा असतो. नाही केला तर हवालदार आपलं काम करेल."

जयसिंहरावांनी मान हलवली. हवालदारानं दोरी काढली आणि दुर्गाच्या मनगटाला पहिला वेढा घातला. दुर्गा रडला नाही, ओरडला नाही. तो आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघत राहिला, जणू कोणीतरी आता हसून सांगेल की थट्टा होती. दुसरा वेढा पडला. गाठ आवळली.

"थांबा," गोविंदराव म्हणाले.

६

शमीचा भारा मांडवातून आत आणून त्यांनी स्वतः सोडला. मनगटांना पुन्हा काटे लागले. आतून एकेक करून दहा काठ्या निघाल्या. आत बोलावलेल्या सियालकोटच्या माणसानं पहिली हातात घेताच नाक मुरडलं. "यह तो बबूल है जी. मूठ में बेंत भी नहीं."

"छावनीतल्या सुताराकडून करून घेतल्या," गोविंदराव खाली मान घालून म्हणाले. "एक खरी आणली. देणगीतलं बाकीचं आग्र्याला गेलं. मधूच्या पायाला."

"नाव नको असलेला गृहस्थ," मी पुटपुटलो. छावनीत असा दाता असतो यावर मी उन्हाळ्यापासून विश्वास ठेवला होता!

"आमचे पैसे?" जयसिंहरावांचा आवाज चढला. "आम्ही नाही म्हटलं होतं."

"हो सरकार. काठीला तुम्ही देता, कारण काठी दिसते. क्लबाचा निम्मा खर्च न दिसणारा असतो. दूध, बूट, मोडलेली हाडं. त्याला कोणी देत नाही. डॉक्टर म्हणाले, आता केलं नाही तर पाय काढावा लागेल. मुलांच्या बापांकडे काय आहे? मी विचार केला, पोरं बाभळीच्या काठीनंही खेळतील. मग तुम्ही लोखंडाचं बोललात. आज मिरवणुकीच्या गडबडीत भारा घरी नेणार होतो."

"आणि खरी मागे का ठेवली?"

"ती तुमची होती," गोविंदराव म्हणाले. "ती नेली असती तर चोरी झाली असती."

मानसिंगराव मोठ्यानं हसले. त्यांच्याशिवाय कोणी हसलं नाही.

"मुलाच्या पायाचं मी समजू शकतो," संभाजीराव म्हणाले. "पण सकाळपासून हा माणूस फाटकाशी बसून आहे, त्याच्या बायकोची पेटी अंगणात उपडी झालीय, आणि तुम्ही हळद लावून मुलांसाठी रडत होतात. खरा फाउल तिथे झाला, गोविंदराव."

गोविंदरावांनी तोंड झाकून घेतलं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही खरे होते.

संभाजीराव सरदारांकडे वळले. "सरकार, सामन्याची वेळ झाली. काठीवर नाव घातलं तर काठी वर्षा-दोन वर्षांत मोडेल. तुमच्या पैशानं जोडलेला पाय मात्र तिथे फाटकात तिकिटं फाडतोय. नाव कुठे लावून घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

जयसिंहराव दारापर्यंत गेले. तिथून फाटक दिसत होतं. मधू एका हातानं काठी सावरत तिकिटं फाडत होता, आणि गर्दी त्याला लोटत होती. सकाळी याच मुलावर आपण खेकसलो होतो, हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा हात मिशीकडे गेला आणि मध्येच खाली आला.

"शेगडी विझवा," ते म्हणाले. मग हवालदाराला म्हणाले, "दोरी सोड."

"काका, आणि मैदान?" मानसिंगरावांनी विचारलं.

"मैदानावर सामना आहे, दिसत नाही? आणि गोविंदराव, उद्यापासून खजिनदारी दुसऱ्याकडे द्या. न विचारता दान केलंत तुम्ही, आमच्या खिशातून." ते पुन्हा फाटकाकडे बघत म्हणाले, "पुढच्या वेळी मोडलेल्या हाडासाठी तिकिटातून आधीच काही बाजूला ठेवत जा. मागायला येऊ नका. आम्ही पुन्हा नाही म्हणू."

पोरांनी त्या निधीचं नाव 'टांग फंड' ठेवलं. मी चिटणीस म्हणून त्या नावाला हरकत घेतली आणि कोणी ऐकलं नाही.

सामना आम्ही एका गोलानं हरलो. बाभळीच्या दोन काठ्या मोडल्या. तिकिटं मात्र संपली, आणि मधूनं शेवटची माणसं उभ्यानं बघण्याच्या अटीवर आत सोडली.

संध्याकाळी मैदानावर सगळे एकमेकांना सोनं देत होते. गोविंदराव एकटेच खोलीपाशी उभे होते. मग त्यांनी भाऱ्यातली शमीची पानं ओंजळीत घेतली आणि फाटकाशी गेले. दुर्गा आपली भांडी गोळा करून आत ठेवत होता. बायको पेटीवरची धूळ पुसत होती आणि तिनं वर पाहिलं नाही.

"दुर्गा, सोनं घे," गोविंदराव म्हणाले. "चूक झाली माझी. फार मोठी."

दुर्गानं मनगट चोळलं. दोरीचा वळ अजून होता. "सात बरस से आपके लिए फाटक खोल रहा हूँ, बाबूजी," तो म्हणाला. "कभी नहीं पूछा, गठरी में क्या है."

 गोविंदरावांची ओंजळ तशीच पुढे राहिली. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलेही नाहीत.

अखेर दुर्गानं पानं घेतली, कपाळाला लावली आणि पगडीत खोचली.

"कल से पूछूँगा," तो म्हणाला.